मोटारीच्या आतील पट्ट्या घरी रंगवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहा वर्षांच्या मोटारीतील दाराचे हँडल आणि काचांच्या बटणांभोवतीची पट्टी चिकट झाली असून बोटाला काळे लागते. साबणाने धुऊनही फरक पडला नाही. वरून रंग द्यावा का? (कराड)

उत्तर : एवढ्यात रंग देऊ नका. बोटाला लागतो तो मळ नव्हे. हाताला मऊ लागावे म्हणून कारखान्यातच प्लास्टिकवर दिलेला पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलावा आणि बंद मोटारीतील उष्णता यांमुळे वर्षानुवर्षे विघटित होत जातो आणि शेवटी काकवीसारखा चिकटतो. त्यावर दिलेला रंग त्याच्यासोबतच सुटेल, म्हणून तो थर पूर्ण काढावा लागतो. पट्टी खोलून बाहेर घ्या, आधी मागच्या बाजूस थोडे तपासून पाहा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले सुती फडके मिनिटभर त्यावर ठेवून एकाच दिशेने पुसा. काजळासारखा गाळ निघेल. फडके बदलत राहा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र वापरू नका, कारण त्याने पट्टीचे एबीएस जातीचे प्लास्टिकच विरघळते. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा काम मोकळ्या हवेत करा. बटणांवरची छापील चिन्हे पुसली जाऊ शकतात, म्हणून तिथे हात हलका ठेवा. खालचे काळे प्लास्टिक पुष्कळदा इतके स्वच्छ निघते की रंगाची गरजच उरत नाही.

प्रश्न : गिअरभोवतीची पट्टी चांगल्या स्प्रेने रंगवली, पण महिन्याभरात नखाने रंगाचे पापुद्रे निघू लागले. (मिरज)

उत्तर : अशा वेळी दोष बहुधा रंगात नसतो, खालच्या तयारीत असतो. पट्टी उलटी करून उजेडात तिरपी धरा. मागे साच्यातच उठवलेली बारीक इंग्रजी अक्षरे दिसतील. ती ‘एबीएस’ असतील तर साधा प्रायमर चालतो. ‘पीपी’ असतील तर ते पॉलिप्रोपिलीन आहे आणि त्यावर साधा रंग धरतच नाही. त्यासाठी आधी प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, द्यावा लागतो. मागचा कपचा पाण्यात टाकून तरंगतो का ते पाहण्याची युक्ती काही जण सांगतात, पण भुकटी मिसळलेले पॉलिप्रोपिलीन बुडूही शकते. अक्षरांवरच भिस्त ठेवा.

दुसरे कारण डॅशबोर्ड पॉलिश. त्यातील सिलिकॉनवर रंग माशाच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रे धरतो किंवा पुढे सोलून निघतो. म्हणून पॉलिश पेपरने (घासण्याच्या खरखरीत कागदाने) घासण्याच्या आधी भांड्यांच्या साबणाने आणि मग अल्कोहोलने पट्टी पुसा. आधी घासल्यास सिलिकॉन ओरखड्यांत बसते. गुळगुळीत पट्टीला 400 आणि नंतर 600 नंबरचा वॉटर पेपर पुरतो. दाणेदार पोताच्या पट्टीवर लांबी (पुट्टी) भरू नका, पोत बुजतो आणि तो परत आणता येत नाही. तिथे करडी बारीक घासणी वापरावी. पट्टीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवरून पातळ असे तीन हात द्या, दोन हातांमध्ये 10 ते 15 मिनिटे थांबा. पहिल्या हातात खालचा रंग दिसणारच. तो झाकण्याच्या घाईत ओघळ पडतात. पुरा आठवडा जाईपर्यंत नखाने परीक्षा घेऊ नका.

प्रश्न : हे काम साताऱ्यात कोणत्या दिवसांत करावे? (सातारा)

उत्तर : जुलै-ऑगस्टमध्ये टाळा. रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओलावा त्यावर बसतो आणि रंग दुधाळ दिसू लागतो. पाऊस सरल्यानंतरचे आणि गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या ओल्या रंगावर पुढे चिमणीची काजळी येऊन बसते. काम सावलीत, दव ओसरल्यावर करावे.

प्रश्न : डॅशबोर्डचा उजवा आणि डावा भाग एकाच रंगात करायचा आहे. स्टिअरिंगचे मधले झाकणही रंगवू का? (तासगाव)

उत्तर : नाही. त्या झाकणाआड एअरबॅग असते आणि ते ठरावीक रेषेवरच फाटावे अशी त्याची रचना असते. वर रंगाचा किंवा रॅपचा (चिकटवायच्या फिल्मचा) थर चढल्यास ते कसे फाटेल याची हमी राहत नाही आणि तुकडे चेहऱ्यावर उडू शकतात. ‘एसआरएस’ (एअरबॅग यंत्रणेची खूण) किंवा ‘एअरबॅग’ असे कोरलेला प्रत्येक भाग, पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांवरील आवरणांसह, जसाच्या तसा सोडा. त्यांच्या शेजारची पट्टी खोलायची असली तरी आधी बॅटरीची ऋण तार काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच स्क्रूला हात लावा.