पेन टॅबलेट सर्व्हिस सेंटरला पाठवण्याआधी

मिरजेहून तुम्ही विचारलेला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर नेमके हेच घडले होते. नवा पेन टॅबलेट (संगणकाला जोडून पेनाने रेघा ओढायची पाटी) घेऊन दहा दिवस झाले, फोटोशॉपमध्ये पेन कितीही दाबले तरी रेघ एकाच जाडीची उमटते, मधूनच कर्सरभोवती एक कडे दिसते आणि स्ट्रोक, म्हणजे पेनाने ओढलेली रेघ, उशिरा सुरू होतो, गोल काढायला जावे तर तो लंबगोल होतो, दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो आणि घरात हा परत करून मोठा, महागडा टॅबलेट घेण्याचा विचार चालू आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आज तो कुठेही पाठवू नका आणि दुसरा विकतही घेऊ नका. आधीचा छोटा टॅबलेट दुसऱ्या कंपनीचा होता आणि तो बिघडला म्हणून हा घेतला, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला तुमच्या प्रश्नातले तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मी सांगलीत लग्नाचे अल्बम आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती करतो. विंडोज आणि फोटोशॉप या जोडीवरच माझे काम चालते, त्यामुळे पुढचे सगळे त्या जोडीपुरते समजावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि ते ओसरल्यावर लोक पिशव्यांमधून भिजलेले अल्बम घेऊन येऊ लागले. रंगीत प्रिंटच्या कागदावर सर्वांत वर निळसर, मध्ये किरमिजी आणि तळाशी पिवळा असे रंगांचे थर जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. पाण्याने जिलेटिन फुगते आणि वरचा थर आधी सुटतो, म्हणून अशा फोटोत डागाच्या कडेला तांबूस पट्टा, त्याच्या आत पिवळा आणि शेवटी कोरा पांढरा कागद दिसतो. या तिन्ही पट्ट्यांवर वेगवेगळा इलाज करावा लागतो: तांबूस भागात फक्त रंग परत भरायचा असतो, पिवळ्यात रंगाबरोबर आकारही थोडा उभा करायचा असतो आणि पांढऱ्यात सगळेच नव्याने रंगवायचे असते. हे काम माउसने होत नाही असे मी म्हणणार नाही, पण माउसला दाब कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) बदलत बसावे लागते आणि एका चेहऱ्याला तासाऐवजी दिवस जातो.

हरिपूरच्या एका आजींनी त्यांच्या दिवंगत यजमानांचा एक फोटो आणला होता. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, मोकळेपणाने हसणारा. फेट्याचा डावा अर्धा भाग आणि कपाळाची कड पाण्यात गेली होती. जानेवारीत वर्षश्राद्ध होते आणि त्याआधी ती तसबीर घरी लागावी एवढीच त्यांची इच्छा होती. माझा जुना टॅबलेट लहान होता आणि त्याच्या केबलचा सॉकेट सैल झाला होता, म्हणून मी डिसेंबरात दुसऱ्या कंपनीचा मोठा टॅबलेट घेतला, जुन्या ड्रायव्हरला (संगणकाला टॅबलेट ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रॅमला) हात न लावता नवा ड्रायव्हर त्याच संगणकावर टाकला आणि कामाला बसलो. फेट्याची घडी अशी असते की ती एका टोकाला बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होत दुसऱ्या घडीखाली जाते. पेनावरचा दाब कमी-जास्त करत ती एका हातात उतरते. माझ्या पेनातून मात्र दोरीसारखी एकसारखी रेघ उमटत होती.

दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तो कुरिअरने अधिकृत म्हणवणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरला पाठवला. पाच आठवडे गेले. फोन केला की दर वेळी नवा माणूस तक्रार क्रमांक विचारायचा आणि ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे सांगायचा. अखेर उत्तर आले की आतला बोर्ड ओलाव्याने खराब झाला आहे, वॉरंटीत बसत नाही, दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या टॅबलेटएवढा येईल. टॅबलेट पूर ओसरल्यानंतर चार महिन्यांनी खरेदी केला होता आणि बिलावर तारीख होती. मी बिलाची प्रत तीनदा पाठवली, एकदाही कोणी ती पाहिल्याचे जाणवले नाही. पत्त्यात सांगली वाचून कोणीतरी ओलाव्याचा शेरा मारला असावा, असे मला तेव्हा वाटले आणि आजही तसेच वाटते. ज्यांच्या घरात खरोखर पाणी शिरले होते, त्यांना अशी किती उत्तरे मिळाली असतील याचा विचार आला की अजून संताप होतो.

दरम्यान मी सात हजारांच्या आसपासचा आणखी एक टॅबलेट घेतला होता, आणि त्यातही तोच दोष निघाला. त्या वेळी तरी मला उमगायला हवे होते की दोन नव्या वस्तू एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. उमगले ते फार नंतर, सर्व्हिस सेंटरने दुरुस्त न करता परत पाठवलेला टॅबलेट माझ्या भाच्याने सहज त्याच्या लॅपटॉपला जोडला तेव्हा. ओलाव्याने मेलेला तो बोर्ड केसासारख्या बारीक रेघेपासून बोटभर जाड रेघेपर्यंत सगळे व्यवस्थित काढत होता. आजींची तसबीर तोवर हुकली होती. वर्षश्राद्धाला त्यांनी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. मी नंतर काम पूर्ण करून दिले, पैसे घेतले नाहीत, पण तो दिवस मला परत आणता आला नाही.

दोष संगणकात होता. फोटोशॉपसारखे प्रोग्रॅम पेनाचा दाब विनटॅब नावाच्या व्यवस्थेतून किंवा विंडोज इंक या विंडोजच्या स्वतःच्या व्यवस्थेतून घेतात. प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये विनटॅब३२ या एकाच नावाची आपापली फाइल ठेवतो. जुन्या कंपनीची फाइल तिथे बसून राहिली की प्रोग्रॅम दाब विचारायला जुन्या घरी जातो आणि तिथे पेनच नसते. कर्सर हलतो, क्लिक होते, फक्त दाब पोहोचत नाही. म्हणूनच यंत्र अर्धवट बिघडल्यासारखे वाटते.

म्हणून आधी नव्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या खिडकीत दाब तपासण्याची चौकट असते, तिथे रेघ ओढा. तिथे ती बारीक-जाड होत असेल तर पेन आणि टॅबलेट दोन्ही ठीक आहेत. मग फोटोशॉपच्या ब्रश सेटिंग्जमध्ये दाबाचा पर्याय निवडा. त्याच्याशेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसले तर फोटोशॉपला पेन सापडलेले नाही असा त्याचा अर्थ. आता दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर काढून टाका, संगणक पुन्हा सुरू करा, सिस्टिम फोल्डरमध्ये ती विनटॅबची फाइल उरली असेल तर तिचे नाव बदला आणि मगच फक्त नव्या टॅबलेटचा ड्रायव्हर टाका. सिस्टिम फोल्डरमध्ये हात घालण्याची सवय नसेल तर जाणकार माणूस शेजारी बसवा. चुकीची फाइल हलली तर जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

कर्सरभोवतीचे कडे ही वेगळी गोष्ट आहे. पेन दाबून धरले की विंडोज त्याला उजवी क्लिक समजते, आणि तुम्हाला दाबायचे आहे की रेघ ओढायची आहे हे ठरेपर्यंत स्ट्रोक अडकून राहतो. ‘दाबून धरल्यास उजवी क्लिक’ ही सोय विंडोजच्या पेनच्या सेटिंगमध्ये बंद करा. ड्रायव्हरमधून विंडोज इंक पूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तसे केल्यावर फोटोशॉपमधला दाब जाऊ शकतो आणि मग त्याला विनटॅब वापरायला सांगणारी एक छोटी टेक्स्ट फाइल त्याच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मी आधी फक्त कडे बंद करून पाहीन.

लंबगोलाचे कारण त्याहून साधे आहे. टॅबलेट बहुधा १६:१० प्रमाणाचा असतो आणि मॉनिटर १६:९ चा, शिवाय तुमच्याकडे दोन मॉनिटर असतील तर ड्रायव्हर टॅबलेटचा पृष्ठभाग दोन्हींवर ताणून बसवतो. ड्रायव्हरमध्ये टॅबलेट एकाच मॉनिटरला जोडा आणि प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय सुरू करा. खात्री करायला टॅबलेटवर काचेची बांगडी ठेवून तिच्या आतून पेन फिरवा. पडद्यावर गोल उमटला तर काम झाले. धातूची बांगडी घेऊ नका, कारण विनाबॅटरीचे पेन टॅबलेटच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावर चालते आणि धातू त्यात अडथळा आणतो. लोखंडी टेबलावर काम करत असाल तर खाली लाकडी फळी घाला.

आता मोठा टॅबलेट घेण्याविषयी, आणि हे निव्वळ माझे मत आहे. फोटोच्या कामाला मोठा पृष्ठभाग लागतो ही समजूत चित्रकारांकडून आलेली आहे. ते खांद्यापासून हात फिरवतात. आपण शंभर-दोनशे टक्के झूम करून डोळ्याखालची सुरकुती किंवा साडीचा काठ सुधारतो आणि ते सगळे मनगटातून होते. वॅकॉम कंपनीच्या इन्ट्युओस या टॅबलेटच्या लहान आकाराचा कामाचा भाग सुमारे १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, मध्यम आकाराचा २१६ बाय १३५. रोज सहा-आठ तास काम असेल तर मध्यम घ्यावा, नाहीतर लहान पुरतो. ४०९६ आणि ८१९२ दाबपातळ्यांमधला फरक फोटो दुरुस्तीत मला कधी जाणवला नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. ह्युऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांचे विनाबॅटरीचे पेनही आता चांगले चालतात. पडद्यावरच लिहायचा टॅबलेट मात्र आपल्या कामाला मी सुचवणार नाही: दोन पडद्यांचे रंग जुळवत बसावे लागते, चेहऱ्याचा अर्धा भाग स्वतःच्याच हाताखाली झाकला जातो आणि मान आखडते. विकत घेताना सुटे पेन आणि निबा (पेनाची बदलता येणारी टोके) स्वतंत्रपणे मिळतात का हे विचारावे आणि तारखेचे पक्के बिल घ्यावे.

सवयीबद्दल थोडे. ड्रायव्हरमध्ये माउस मोड असेल तर तो बंद ठेवा, पेन मोडमध्येच काम करा, म्हणजे टॅबलेटचा कोपरा हा पडद्याचा कोपरा राहतो आणि हात जागा ओळखू लागतो. पंधरा दिवस माउस टेबलावरून उचलून ठेवल्याशिवाय ही ओळख होत नाही. दाब ब्रशच्या आकाराला न जोडता ओपॅसिटीला किंवा फ्लोला (ब्रशमधून रंग किती सुटतो त्या प्रमाणाला) जोडावा. त्वचेवर उजेड-सावली बसवताना मी फ्लो पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतो आणि एकाच जागी हलके हलके फिरतो. फेट्यासारख्या घड्या काढायच्या असतील तेव्हाच आकाराला दाब लावतो. पेनाच्या बाजूच्या एका बटणाला आल्ट द्यावे, म्हणजे क्लोन स्टँपचा (फोटोतला एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाचा) नमुना घ्यायला डावा हात कीबोर्डकडे धावत नाही. निब झिजून तिरकी, धारदार झाली की लगेच बदलावी, नाहीतर ती टॅबलेटवर चरे पाडते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तळहात टॅबलेटला चिकटतो आणि रेघ अडखळते, तेव्हा जुन्या सुती हातमोज्याची अंगठा आणि दोन बोटे कापून तो घालावा.

आज रात्री एवढे करा: ड्रायव्हर काढण्याच्याही आधी टॅबलेट कोणाच्या तरी लॅपटॉपला जोडा, असा लॅपटॉप ज्यात दुसऱ्या कुठल्याही टॅबलेटचा ड्रायव्हर कधी टाकलेला नाही, आणि त्यात फक्त या टॅबलेटचा ड्रायव्हर टाका. तिथेही दाब मिळाला नाही तर दोष यंत्रात आहे, मग दुकानदाराची परतीची मुदत संपण्याच्या आत तो परत द्या, आणि देताना ड्रायव्हरच्या चौकटीतली एकसारखी रेघ व टॅबलेटचा अनुक्रमांक एकाच व्हिडिओत दिसेल असे चित्रण करून ठेवा. तिथे रेघ बारीक-जाड झाली तर मात्र बिल कपाटात ठेवा आणि जुना ड्रायव्हर काढायला बसा.