ज्यू धर्म: इजिप्त, शब्बाथ आणि अलिबागचा मलिदा

प्रश्न: या धर्माची सुरुवात कोणापासून धरायची, अब्राहाम की मोशे?

दोघंही लागतात. अब्राहाम हा ज्यूंचा मूळ पुरुष, त्याच्याशी देवाने करार केला, म्हणून आजही मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता होते. पण तो करार एका घराण्यापुरता, त्यांचं राष्ट्र झालं ते मोशेच्या मागोमाग इजिप्तच्या गुलामीतून सुटून सिनाय पर्वतापाशी आल्यावर, तिथे सगळ्यांनी मिळून नियम मान्य केले, म्हणून मला विचाराल तर खरा पाया सिनाय. आणि आज्ञा दहा नाहीत बरं का, परंपरेच्या हिशेबाने 613, त्यातल्या दहा फेमस झाल्या एवढंच.

प्रश्न: मॅडम, इजिप्तमधून सुटका खरंच झाली का? पुरावा काय?

थेट पुरावा नाही. इस्राएल हे नाव इजिप्तमध्ये पहिल्यांदा दिसतं ते मेर्नेप्ताह या फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शिलालेखात, साधारण इ.स.पू. 1208 चा, आणि त्यात हे लोक आधीच कनानमध्ये, म्हणजे आजच्या इस्राएलच्या भागात, आहेत, आले कुठून ते नाहीच. ग्रंथात सांगितल्याप्रमाणे लाखो माणसं 40 वर्षं वाळवंटात राहिली म्हणावं तर सिनायमध्ये तशा खुणाही सापडल्या नाहीत. काही अभ्यासकांना वाटतं की छोटासा गट निघाला असेल आणि त्याची गोष्ट पुढे सगळ्यांनी आपली मानली, मला हे पटण्यासारखं वाटतं. पण वल्हांडणाच्या, म्हणजे या सुटकेच्या सणाच्या, रात्री हा वाद कोण घालतंय? बिनखमिराची भाकरी असते, कडू भाजी असते, घरातलं लहान पोर चार प्रश्न विचारतं, आणि प्रत्येकाने असं समजायचं की इजिप्तमधून मी स्वतः बाहेर पडलोय.

प्रश्न: शनिवारी लाईटचं बटणही दाबत नाहीत म्हणे?

कट्टर लोक नाही दाबत, हाच त्यांचा शब्बाथ, आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत 39 प्रकारची कामं बंद, त्यात विस्तव पेटवणं येतं, वीज बरेच जण त्यातच धरतात. जीवावर बेतलं तर मात्र नियम मोडायचाच, तिथे सूट नाही तर सक्ती आहे. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नावच पाडलं, शनिवार तेली.

प्रश्न: मग त्यांचा मलिदा पण धर्मग्रंथातला का?

नाही, तो अस्सल कोकणी. गोड पोहे, खोबरं, फळं असा नैवेद्य. पण ज्याच्या नावाने करतात तो एलियाहू संदेष्टा ग्रंथातलाच, मसिहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, यायच्या आधी तो येणार अशी श्रद्धा, म्हणून वल्हांडणाला त्याच्यासाठी वाइनचा पेला भरून ठेवतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, नवस फेडायला लोक तिथे जातात.