070 की 090? स्टिकरवर जाऊ नका

प्रश्न : काकांची लाकडाची वखार होती, ती बंद झाली आणि त्यांचा जुना स्टिल (Stihl) कंपनीचा कटर, म्हणजे लाकूड कापायचा चेनसॉ, माझ्याकडे आला. स्टिकर कधीच उडालेत, वरून कोणीतरी रंग मारलाय. एक मेकॅनिक म्हणतो 070 आहे, घ्यायला आलेला माणूस म्हणतो 090 आहे पण भाव 070 चाच देणार. ओळखायचं कसं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : 090 आहे म्हणतो आणि भाव 070 चा देतो, म्हणजे गिऱ्हाईक हुशार आहे :) आधी मशीन खोलून बघा, भावाचं नंतर.

ही दोन्ही मशीनं एकाच घरातली. 1959 मध्ये जर्मनीत स्टिलने कॉन्ट्रा काढली, गिअरबॉक्स नसलेली, चेन डायरेक्ट फिरवणारी, तिच्यापासून पुढे हे खानदान वाढलं. म्हणून बाहेरून बघून फसायला होतं. पार्टवरचा नंबर बघा असं बरेच जण सांगतात, तो 1106 ने सुरू होतो हे खरं, पण तो दोन्हींचाच 1106, त्यामुळे त्यावरून एवढंच कळतं की पार्ट या घरातला आहे. प्लगच्या भोकातून काडी घालून पिस्टन किती वरखाली होतो ते मोजायचं म्हणाल तर तेही फुकट, कारण स्ट्रोक दोन्हींचा 40 मिमीच आहे.

फरक आहे तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. 070 चा 58 मिमी, म्हणजे साधारण 106 सीसी, आणि 090 चा 66 मिमी, म्हणजे 137 सीसी. 8 मिमी म्हणजे थोडाथोडका फरक नाही, पण दोन्ही मशीनं शेजारी ठेवलेली नसली तर नुसत्या डोळ्याला कळत नाही. सायलेन्सर काढा, सिलिंडरचे बोल्ट सोडा, सिलिंडर सरळ वर उचला (वाकडा ओढलात तर रिंगा जातील) आणि पिस्टनला व्हर्निअर लावा. 58 च्या जरा आत आलं तर 070, 66 च्या आसपास आलं तर काकांनी दिलेली वस्तू खरंच भारी आहे. परत बसवताना सिलिंडरखालचं गॅस्केट नवीन टाका, जुनंच चिकटवून भागवू नका.

सिलिंडर हातात आलाच आहे तर त्यावर माले किंवा केएस (या सिलिंडर-पिस्टन बनवणाऱ्या कंपन्या) असा छाप आहे का तेही बघून घ्या. असेल तर सिलिंडर चांगल्या घरचा. काहीच नसेल तर बाजारात 070 चे डुप्लिकेट पार्ट भरपूर मिळतात, त्यातलाच एखादा कोणीतरी चढवला असायची शक्यता जास्त, मग भाव करताना तेही धरा. आणि नाव 0 ने सुरू होतं म्हणून स्टिलच्याच 08एस ला याच पंगतीत बसवणारेही भेटतील, तो 56 सीसीचा, बराच लहान.

एक मात्र, या जुन्या मशीनांना बहुतेक वेळा चेन ब्रेक (फिरती चेन झटक्यात थांबवणारा) नसतो. चालू करून दाखवायचा आग्रह झाला तर मशीन जमिनीवर पक्कं दाबून चालू करा, हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका.

प्रश्न : मी अमेरिकेत असतो. हुस्कवर्ना कंपनीचा 268 चेनसॉ बघतोय, विकणारा म्हणतो 272 चीच ताकद आहे. खरं का?
— एक वाचक, ओरेगॉन

उत्तर : मूळ 268 असेल तर नाही. 268 चा बोअर 50 मिमी, 66.7 सीसी, आणि गंमत म्हणजे 266 सुद्धा तेवढाच, नंबर वाढला म्हणून सीसी वाढलं असं काही नाही. 272 चा बोअर 52 मिमी, 72.2 सीसी. स्ट्रोक सगळ्यांचा 34. पण खालचा सांगाडा सारखा असल्याने त्यांच्याच 61 मॉडेलवर किंवा 268 वर 272 चा सिलिंडर-पिस्टन चढवणारे तिकडे पुष्कळ आहेत, तेव्हा तो माणूस खरंही बोलत असेल. त्याला म्हणावं, सिलिंडर उचलून 52 मोजून दाखव, मगच 272 चे पैसे.