खेळाडू म्हणून जमलं नाही, वय २३ आहे. रेफरी होऊन फिफापर्यंत जाता येईल का? त्यावर घर चालतं का?

जाता येईल, पण हातातली नोकरी सोडू नका. मी नऊ वर्षं जिल्ह्यातल्या मॅचना शिट्टी फुंकली, वरची पायरी काही गाठली नाही. तेव्हा हे थोडं हरलेल्या माणसाचं बोलणं समजा.

सुरुवात राज्य संघटनेच्या, म्हणजे महाराष्ट्रात ‘विफा’च्या, परीक्षेपासून होते. मग एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, वरच्या परीक्षा, देशातल्या वरच्या लीगचा अनुभव, आणि त्यानंतर महासंघ तुमचं नाव फिफाकडे पाठवतो. रेफरीचं वय किमान २५ लागतं, असिस्टंटचं, म्हणजे बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणाऱ्याचं, २३. फिफाचा बॅज मिळाला तरी तो एका वर्षाचा. जानेवारीत यादी नवी.

खरी चाळण फिटनेस टेस्टची. ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. थोड्या विश्रांतीनंतर दुसरा भाग: १५ सेकंदांत ७५ मीटर पळायचं, मग २५ मीटर चालायचं, असं ४० वेळा. ट्रॅकच्या दहा फेऱ्या होतात. पहिल्या चार फेऱ्यांत वाटतं, एवढंच होय? सातवीत पोटऱ्यांचे दगड होतात आणि वेळ संपल्याचा बीप आपण खुणेपाशी पोचायच्या आधीच वाजतो. मी आठवीत बाद झालो. आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण नडलं, असं घरी सांगतो.

पैशाचं म्हणाल तर कोलिनाकडे बघा. २००२ ची वर्ल्ड कप फायनल केलेला हा माणूस पेशाने आर्थिक सल्लागार होता. हॉवर्ड वेब इंग्लंडात पोलीस सार्जंट. २०१० मध्ये चॅम्पियन्स लीग आणि वर्ल्ड कप, दोन्ही फायनल त्यानेच केल्या. तरी लोकांच्या लक्षात काय राहिलं? वर्ल्ड कप फायनलमध्ये हॉलंडच्या डी याँगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत बूट घातला आणि वेबने पिवळं कार्ड दाखवलं. लाल द्यायला हवं होतं, हे त्यानेही नंतर कबूल केलं. बिचारा! त्याला ते नीट दिसलंच नव्हतं.

असिस्टंटची वाटही कमी समजू नका. आपले के. शंकर २००२ च्या वर्ल्ड कपला असिस्टंट म्हणूनच गेले. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधी खेळाडू होत्या, मग झेंडा हातात घेऊन २०१६ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपपर्यंत पोचल्या.

आणि हो, आत गोळी नसलेली शिट्टी घ्या, तीही दोन. माझी ऐन पेनल्टीला पावसात बसली होती.