हातमोजा हलतो, स्क्रीनवरचा हात मागे राहतो, ह्यात करिअर आहे का?

तुझं पत्र वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू एका हातमोज्यावर ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर बसवलास, त्याचा डेटा वायफायवरून एमक्यूटीटी ह्या निरोप पाठवायच्या प्रोटोकॉलने कॉम्प्युटरकडे जातो आणि युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे बनवलेल्या खोलीतला हात त्याप्रमाणे हलतो, पण उशिरा हलतो, मधेच अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. बाबांना हे गेमिंगचं वेड वाटतंय. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जायचंय, तर इलेक्ट्रॉनिक्स घेऊ, कॉम्प्युटर घेऊ की नावात मेटाव्हर्स असलेला तो नवीन कोर्स, आणि मुळात ह्यात करिअर आहे का, असे तुझे प्रश्न आहेत.

करिअर आहे. पण बघ, सेन्सर जोडणारे भरपूर भेटतात, युनिटीत सीन बनवणारे त्याहून जास्त भेटतात, आणि ह्या दोघांच्या मधे नेटवर्कवर नक्की काय जातं, किती वेळात जातं, हरवलं तर पलीकडे काय होतं हे नीट सांगता येणारी माणसं मला खरंच कमी दिसतात. तू नेमकी त्या मधल्या जागेवर येऊन अडकली आहेस, आणि माझं म्हणणं आहे की तिथेच थांब, तिथेच खोल जा.

म्हणून आधी तुझ्या अडचणीबद्दलच बोलूया. एमक्यूटीटी 1999 मधे तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला बनला, सॅटेलाइट लिंक महाग आणि कमकुवत, त्यावरून थोडासा डेटा खात्रीने पोचवायचा हा हेतू. तो टीसीपीवर, म्हणजे प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या पद्धतीवर चालतो, आणि मधे ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारा सर्व्हर असतो. टीसीपीमधे एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी थांबवून ठेवली जातात आणि मग एकदम सोडली जातात, तुला दिसणारं अडकणं आणि उडी बहुतेक हेच आहे. क्यूओएस 0, म्हणजे एमक्यूटीटीची खात्री न देणारी सेटिंग केली तरी खाली टीसीपीच असतो, त्यामुळे तो मार्ग नाही. हाताच्या जागेचा डेटा असा असतो की नवीन आला की जुना निरुपयोगी, 50 मिलिसेकंदापूर्वी हात कुठे होता हे कोणाला हवंय? तिथे यूडीपी, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत न पाठवणारी पद्धत वापरतात, प्रत्येक पॅकेटमधे क्रमांक आणि वेळ टाकतात, आणि जुना क्रमांक उशिरा आला तर सरळ फेकून देतात. पण बटण दाबलं हा निरोप हरवून चालत नाही, तो खात्रीच्या मार्गानेच गेला पाहिजे. एकाच हातमोज्यातून दोन प्रकारचा डेटा आणि दोघांची गरज वेगळी, हे ज्याला आपोआप दिसतं तो ह्या कामात पुढे जातो.

अजून दोन गोष्टी तपास. ईएसपी३२ वीज वाचवायला वायफाय मधूनमधून झोपवतो, ते बंद करून बघ. आणि युनिटीतला तुझा कोड दर फ्रेमला एकच पॅकेट वाचतोय का? सेन्सर सेकंदाला 100 पॅकेट पाठवतोय आणि स्क्रीन 60 फ्रेमवर असेल तर दर सेकंदाला 40 पॅकेट रांगेत साठत जातात आणि हात जास्त जास्त मागे पडत जातो, मग तू वायफायला दोष देत बसतेस. दर फ्रेमला रांग पूर्ण रिकामी करायची आणि सगळ्यात ताजं पॅकेट वापरायचं. बटणाचे निरोप मात्र एकही न गाळता सगळे वाचायचे.

हे सगळं नवीन नाहीये, हे मुद्दाम सांगते, कारण नवीन क्षेत्र आहे म्हणून घरचे घाबरतात. व्हीआरपीएन नावाची, उपकरणं व्हर्च्युअल जगाला नेटवर्कने जोडणारी सिस्टिम नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत तयार झाली, तिचा पेपर 2001 चा आहे. त्यात उपकरण कुठल्या कंपनीचं आहे ह्याच्याशी व्हर्च्युअल जगाला काही घेणंदेणं नसतं, ट्रॅकर (जागा आणि कल सांगणारा), बटण, अ‍ॅनालॉग असे प्रकार ठरलेले, आणि कुठल्या मशीनवरचा कुठला ट्रॅकर एवढं नाव दिलं की झालं. उद्या हातमोजा बदलून काठी लावली तरी पलीकडचा प्रोग्रॅम तसाच चालतो. 2019 मधे आलेल्या ओपनएक्सआर ह्या व्हीआर-एआरच्या स्टँडर्डमधे हाच विचार आहे, अ‍ॅप फक्त 'पकडणे' ही क्रिया मागतं, ती कुठल्या बटणावर येते ते बाकीची सिस्टिम बघते. संगीतासाठी बनलेला ओएससी प्रोटोकॉल आज व्हीआरचॅट ह्या व्हर्च्युअल जगात भेटायच्या अ‍ॅपमधे बाहेरचे सेन्सर जोडायला वापरतात, तिथे 9000 क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दारावर) डेटा आत घेतात आणि 9001 वरून बाहेर देतात. ह्यातला ओएससी तू दोन दिवसात शिकशील, तिथून सुरुवात कर.

आता बाबांचा मुद्दा. त्यांना नोकरी कुठे मिळणार ते कळायला हवं, आणि ही काळजी योग्य आहे. विमान आणि वाहन चालवण्याचे सिम्युलेटर, सर्जरीचा सराव करायची मशिन्स, हातापायाच्या व्यायामाची रिहॅब उपकरणं, दुरून चालवायचे रोबो, कारखान्यातल्या मशीनची कॉम्प्युटरमधली हुबेहूब प्रत, ह्या सगळ्यात खरी वस्तू आणि व्हर्च्युअल जग नेटवर्कने जोडलेलं असतं. वेगवेगळे सिम्युलेटर एकाच लढाईच्या मैदानात आणायला डीआयएस हे आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संघटनेचं स्टँडर्ड 1993 पासून आहे. रोबोंच्या जगात आरओएस 2 हे रोबोसाठीचं सॉफ्टवेअर आहे, ते सहसा डीडीएस ह्या डेटा वाटायच्या स्टँडर्डवर चालतं, कारखान्यात मशीनना एकमेकांशी बोलतं करणारं ओपीसी यूए आणि तुझा एमक्यूटीटीसुद्धा भेटेल. जाहिरातीत मात्र एम्बेडेड इंजिनिअर, सिम्युलेशन इंजिनिअर, रोबोटिक्स सॉफ्टवेअर, एक्सआर (व्हीआर, एआर) डेव्हलपर अशी नावं असतात. शोधताना ह्या नावांनी शोध.

ब्रँचबद्दल मी कॉम्प्युटर म्हणेन, तुझ्यापुरतं. सेन्सर जोडणं, सोल्डरिंग, डेटाशीट वाचणं तू स्वतःहून, आवडीने करते आहेस आणि करत राहशील. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, लिनिअर अल्जिब्रा एकटीने शिकायला जड जातात, शिक्षक आणि परीक्षा मागे असली की होतात. ज्याला कोड जमतो पण सर्किटची भीती वाटते त्याला मी उलट सांगितलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच मिळालं तरी निराश होऊ नकोस, एम्बेडेड सिस्टिम आणि सिग्नल प्रोसेसिंग तिथे चांगलं शिकशील, नेटवर्क बाहेरून भर. नावात मेटाव्हर्स असलेला कोर्स मात्र घेऊ नकोस असं मी स्पष्ट सांगते, चार वर्षांत नाव जुनं होतं, आणि अभ्यासक्रमात नेटवर्क आणि गणित किती आहे ते उघडून बघितलंस तर तुझं तुलाच कळेल.

गणिताबद्दल एक, कारण तू लिहिलंस की गणित 'जेमतेम' आहे. हाताचा कल तू तीन कोनांत पाठवतेस, म्हणून काही ठिकाणी मनगट विचित्र फिरतं. क्वाटर्निअन म्हणजे चार आकड्यांत पाठव, तो त्रास जातो. आणि हात हळूहळू एका बाजूला सरकत जातो ती तुझी चूक नाही, एमपीयू६०५० मधे मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्रासारखा दिशा सांगणारा सेन्सर नाहीये, त्यामुळे उभ्या अक्षाभोवती किती फिरलो ह्याला बाहेरचा काही आधारच नसतो. ह्या दोन गोष्टी समजून घेताना जे गणित लागतं ते तुला पुस्तकातल्यासारखं कोरडं वाटणार नाही, मी खात्रीने सांगते.

पुढे तू हातमोज्यात छोट्या मोटर लावणार आहेस, व्हर्च्युअल वस्तूला हात लागला की बोटांना दाब जाणवावा म्हणून. तिथे फार काळजी घे. आतापर्यंत पॅकेट हरवलं तर स्क्रीनवर काहीतरी चुकत होतं, आता खऱ्या बोटावर चुकेल. ठरलेल्या वेळात, समजा 100 मिलिसेकंदात, नवीन आदेश आला नाही तर बोर्डाने स्वतःहून मोटर सैल सोडली पाहिजे, कॉम्प्युटरवर अवलंबून राहायचं नाही, आणि मोटरचा जोर मुळातच इतका कमी ठेव की पूर्ण ताकद लागली तरी इजा होणार नाही. शिवाय यूडीपी पोर्ट उघडा असला की त्या नेटवर्कवरचं कोणीही आदेश पाठवू शकतं, तेव्हा पाठवणारा कोण आहे ते तपासल्याशिवाय मोटर हलता कामा नये. मुलाखत घेणारा माणूस ह्याच गोष्टी विचारतो.

सुट्टीत एवढं कर. एमक्यूटीटी काढून यूडीपी लाव, वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तुझी पॅकेट्स डोळ्याने बघ, आणि बोर्डवरून निघालेलं पॅकेट परत यायला किती वेळ लागतो त्याची नोंद ठेव, आधीची आणि नंतरची. बोर्डाचं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ वेगळं असतं, म्हणून जाऊन-येऊन मोजायचं, एका बाजूचं मोजायला जाऊ नकोस. तो आलेख आणि कोड जाहीर ठेव. बाबांनाही तो आलेख दाखव आणि हात का अडकत होता ते त्यांना तुझ्या शब्दांत सांग, मग ब्रँचवर बोलायला बसा.