दिशांच्या गणितात डावं-उजवं गोंधळतं, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलीस भरतीची तयारी चालू आहे, बाकीची बुद्धिमत्ता चाचणी जमते, पण माणूस दक्षिणेकडे तोंड करून निघाला की त्याचं डावं कुठलं हेच सुचत नाही, मग कागद फिरवत बसावं लागतं.

भरतीच्या मुलांना मी हाच विषय शिकवतो. कागद फिरवणं आधी बंद करा. लेखी परीक्षा 100 गुणांची आणि वेळ 90 मिनिटं, प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्याचं डावं कागदावर आपल्या उजवीकडे येतं, तिथे डोळे फसतात. म्हणून वळणांसाठी डोळे वापरूच नका, आकडे वापरा.

उत्तर 0, ईशान्य 1, पूर्व 2, आग्नेय 3, दक्षिण 4, नैऋत्य 5, पश्चिम 6, वायव्य 7. उजवीकडे वळला की 2 मिळवा, डावीकडे वळला की 2 वजा करा, 45 अंशाला 1. बेरीज 7 च्या वर गेली तर 8 काढा, शून्याच्या खाली गेली तर 8 घाला. उपदिशांचा घोळ होत असेल तर भूगोल आठवा: ईशान्य भारत, आग्नेय आशिया, नैऋत्य मोसमी वारे, वायव्य सरहद्द प्रांत. चौघांचंही नाव शाळेपासून कानावर आहे.

आता एक उदाहरण सावकाश बघू. माणूस दक्षिणेकडे 8 मीटर गेला, डावीकडे वळून 12 मीटर, परत डावीकडे वळून 13 मीटर. दक्षिण म्हणजे 4. डावं वळण, 2, म्हणजे पूर्व. आणखी एक डावं, 0, म्हणजे उत्तर. अंतरासाठी समोरासमोरच्या दिशा वजा करा: उत्तरेला 13 उणे 8, म्हणजे 5, पूर्वेला 12. पायथागोरसने 5, 12, 13. माणूस निघाल्या ठिकाणापासून 13 मीटरवर, ईशान्येला.

(खरं तर तो कोन पूर्वेकडे बराच झुकलेला आहे, पण पेपर काढणारे त्यालाही ईशान्यच म्हणतात. तिथे वाद घालू नका.)

मात्र याच आकडेमोडीवर तीन वेगळे प्रश्न येतात. तो कुठे आहे? ईशान्येला. त्याचं तोंड कुठे आहे? उत्तरेला. निघालेलं ठिकाण त्याच्यापासून कुठे आहे? नैऋत्येला. तिन्ही दिशा पर्यायांत मांडून ठेवलेल्या असतात. गुण जातात ते बहुतेक इथेच, वळणांत फारसे नाहीत. प्रश्नाची शेवटची ओळ सगळ्यात आधी वाचा.

सावलीलाही हीच युक्ती लागते. सकाळी रमेश आणि सुरेश समोरासमोर उभे आहेत, सुरेशची सावली रमेशच्या उजव्या हाताला पडली, तर सुरेशचं तोंड कुठे? सकाळची सावली पश्चिमेला, म्हणजे 6. रमेशचं उजवं 6, तर तोंड 4, दक्षिण. सुरेश त्याच्या समोर, म्हणजे 0, उत्तर. सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनांच्या आसपासच, परीक्षेत मात्र तो रोज तिथेच उगवतो.

‘आग्नेयेला उत्तर म्हटलं, ईशान्येला पश्चिम म्हटलं, तर पश्चिमेला काय म्हणाल?’ हा प्रश्न मुलांना फार भीती घालतो. 3 चं 0 झालं, म्हणजे प्रत्येक दिशेतून 3 वजा. पश्चिम 6, उणे 3, उरले 3. आग्नेय. आकृती काढायची गरजच नाही.

घड्याळाचंही तसंच. साडेचार वाजलेत, मिनिटकाटा पूर्वेला आहे, तर तासकाटा कुठे? साडेचारला तासकाटा मिनिटकाट्याच्या 45 अंश मागे असतो. 2 उणे 1, ईशान्य.

एक करून बघा. वायव्येकडे तोंड असलेला माणूस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 90 अंश वळला, मग उलट दिशेने 135 अंश. पश्चिम आली तर पद्धत बसली. दुसरं काही आलं तर कुठे अडलं ते खाली लिहा, बघतो.