विषाणू लागला की पाळलेल्या माशाच्या पेशी काही करतात, की नुसत्या मरतात?

तुमच्या तळ्यातल्या सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्प माशांना, अँटिबायोटिक देऊनही मर थांबली नाही, म्हणून तुम्ही हे विचारलंय. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. पण पेशी गप्प बसत नाहीत, हे मी प्रयोगशाळेत रोज पाहत आले आहे.

प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये वाढवलेल्या माशाच्या पेशी तळाला एकमेकींना चिकटून सलग थर धरतात. विषाणू टाकल्यावर सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बदललेलं दिसत नाही. मग एखादी पेशी आक्रसते, आत बुडबुड्यांसारख्या पोकळ्या होतात, ती सुटून तरंगते आणि थराला भोकं पडत जातात. खरी झुंज मात्र त्या आधीच्या शांत तासांत होते. विषाणूचं जनुकीय द्रव्य ओळखू आलं की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ती स्वतः वाचेलच असं नाही, पण शेजारणी सावध होतात आणि एमएक्ससारखी विषाणूरोधक प्रथिनं बनवायला लागतात. माशांच्या तांबड्या रक्तपेशींतही केंद्रक असतं, त्यामुळे त्यासुद्धा या कामाला लागतात. आपल्या तांबड्या पेशींना हे जमत नाही.

शेवटी सगळं वेळेवर येतं, आणि माशाच्या बाबतीत वेळ पाण्याच्या तापमानावर ठरते. मासा थंड रक्ताचा, त्याला आपल्यासारखा आतून ताप येत नाही. म्हणून आजारी मासा ऊबदार पाण्याकडे सरकतो. सायप्रिनसला होणाऱ्या कोई हर्पिस या विषाणूच्या आजारावर बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. टाकीचे तीन कप्पे होते, २४, २८ आणि ३२ अंशांचे. लागण झालेले मासे ३२ अंशांच्या कप्प्यात जाऊन राहिले आणि वाचले. २४ अंशांतच कोंडलेले दगावले. विषाणूही कमी चलाख नाही. पेशी एकमेकींना जो टीएनएफ नावाचा निरोप धाडतात, तो वाटेतच पकडणारं प्रथिन तो बनवतो. त्यामुळे मासा ऊबेकडे निघतो, पण उशिरा.

हे वाचल्यापासून एकसारख्या तापमानाच्या टाक्यांत दाटीनं वाढवलेले मासे पाहिले की मला अस्वस्थ वाटतं. त्यांच्या पेशी इशारा देतात, पण सरकायला ऊबदार कोपराच नसतो. तुमच्या तळ्यात नेमकं काय झालंय ते लक्षणांवरून कळणार नाही. मेलेले नकोत, मरणपंथाला लागलेले दोन-तीन जिवंत मासे तपासणीला पाठवा, आणि निदान होईपर्यंत त्या तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात टाकू नका.